पलीकडच्या स्टुलावर

बेडकांच्या उड्या मोजणारी एक संस्था होती आणि तिथे लंबूटांग नावाचा एक माणूस होता. हे नाव काही आईबापांनी ठेवलेलं नव्हतं. पण माणूसच असा, की दारातून आधी गुडघे आत यायचे आणि बाकीचा ऐवज मागाहून. पंखा पुसायला त्याला शिडी लागत नसे. वाऱ्याच्या दिवशी तो खिशात दगड घालून फिरतो, असं संस्थेचा हिशेबनीस सांगायचा. हिशेबनिसाचं निम्मंच खरं धरायचं. दगड नसतील, किल्ल्या असतील.

संस्थेतली सगळ्यात लांब खोली त्याची. भिंतीला लागून काचेच्या टाक्या, त्यांत ओलं शेवाळ, आणि पाण्याच्या पंपाची दिवसभर चाललेली गुळगुळ. फरशीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरा कागद अंथरलेला. अलीकडे निळ्या पाण्याचं ताट. बेडूक उचलायचा, त्याचं बूड निळ्या पाण्यात बुडवायचं, कागदावरच्या रेघेवर त्याला ठेवायचा आणि मागून हळूच टिचकी द्यायची. बेडूक उडाला की जिथे टेकेल तिथे निळा डाग. डागाला पट्टी लावली की उडी मोजून झाली. मग त्या उडीला अंगाच्या लांबीनं भागायचं, म्हणजे थोराला थोराच्या मापानं न्याय आणि लहानाला लहानाच्या. पलीकडच्या टोकाला एका बुटक्या स्टुलावर दुसरा माणूस ओलं फडकं घेऊन बसायचा, कारण कागद संपला म्हणून बेडूक थांबत नाही. एकदा मावशी नावाची एक मादी अशी उडाली होती, की खिडकीतून बाहेर, व्हरांड्यातून वळून थेट हिशेबनिसाच्या कपात. तो साखर ढवळायला गेला तर चहाच ओरडला.

तर या पलीकडच्या स्टुलावर ठुसकी बसायची.

ती लंबूटांगाच्याच हुद्द्याची, त्याच्याइतकीच शिकलेली, आणि नाव तिनं आपणहून घेतलेलं. आली त्याच दिवशी सगळ्यांना म्हणाली, "पाठीमागे ठेंगणी-ठुसकी म्हणणारच आहात, तर तोंडावर म्हणा. तुमचाही वेळ वाचेल." उंचीनं ती लंबूटांगाच्या कोपराला लागायची. घेर मात्र असा, की बसली की स्टूल दिसेनासं व्हायचं आणि बाई हवेवरच बसल्यात असं वाटायचं. अंगात बारा महिने एक सैल, काळपट हिरवा कोट. हसली की टाक्यांतलं पाणी हलायचं.

पहिल्याच आठवड्यात तिनं अंड्यांनी भरलेली एक मादी लंबूटांगाच्या हातात दिली, तर हा कानाच्या पाळीपर्यंत लाल.

"काय झालं?"

"नाही, म्हणजे ती अशा अवस्थेत आहे. परक्या पुरुषानं असं कमरेला धरून उचलायचं म्हणजे…"

"अहो, बेडूक आहे ती."

"तरी."

त्या दिवशी पाणी टाकीबाहेर सांडलं. हसून झाल्यावर तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "बरं. आपण वाटणी करू. बायकांचं मी बघते, बुवांचं तुम्ही बघा."

तेव्हापासून तो नियमच झाला. नरांच्या दिवशी लंबूटांग रेघेपाशी उकिडवा बसून टिचक्या द्यायचा आणि पलीकडे स्टुलावर ठुसकी. माद्यांच्या दिवशी ती रेघेपाशी, आणि पलीकडे स्टुलावर गुडघे कानापर्यंत आलेला, पांढऱ्या कोटातला लंबूटांग. त्याला नरांचे दिवस आवडायचे. मान वर केली की समोर ती. बेडूक उडाला की ती फडकं घेऊन झेपावायची, त्याला धरायची आणि तिथून ओरडायची, "आला हो पाहुणा." माद्यांच्या दिवशी ती खाली वाकलेली असायची, त्यामुळे त्याला नुसता तिचा भांग दिसायचा. तोही तो बघायचाच म्हणा.

पुष्कळ उड्या मोजून झाल्यावर निष्कर्ष निघाला, की अंगाच्या मापानं पाहता नराची उडी मादीपेक्षा लांब. कारण लावायला वेळ लागला नाही. नराची कंबर बारीक, पोट आत, तंगड्या लांब. मादी रुंद, पसरट, वर अंड्यांचं ओझं. दोघांच्या नावानं ते छापून आलं आणि संस्थेतल्या यच्चयावत पुरुषांनी छाती काढून चालायला सुरुवात केली. हिशेबनिसानं घरी जाऊन बायकोला सांगितलं, "आता शास्त्रानंच सिद्ध झालंय." बायको म्हणाली, "छान झालं. मग मारा उडी आणि माळ्यावरचं पातेलं काढून द्या."

ठुसकीला मात्र त्या छापलेल्या निष्कर्षानं लांब नेलं. दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या संस्थेनं तिला एका विभागाची प्रमुख म्हणून बोलावलं. ती निघाली त्या आठवड्यात लंबूटांगानं एक वाक्य तयार केलं, अंघोळ करताना म्हणून पाहिलं, जिना चढताना म्हणून पाहिलं. निरोपाच्या वेळी तोंड उघडलं तर बाहेर आलं, "खोलीची एक किल्ली तुमच्याकडे राहिलीय." तिनं पर्समधून किल्ली काढून त्याच्या तळहातावर ठेवली. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, पण हा सरडा कुंपणापर्यंतही पोचला नाही.

आणि मग उड्या आखडल्या.

पलीकडे बसायला दुसरं माणूस मिळेना, म्हणून त्यानं एका उंच काठीला पांढरी जाळी बांधून उभी केली होती. आता नर काय, माद्या काय, सगळं त्यालाच बघावं लागायचं. मादी उचलताना तो पुटपुटत "माफ करा" म्हणायचा आणि टिचकी द्यायचा. पण जे नर पूर्वी कागद संपवायचे, ते आता दोन इंच सरकून बसायचे. काही तर आडवे वळून भिंतीकडे जायचे. मोठ्या साहेबांनी बेडूक बदलून आणले, खाणं बदललं, पाणी गरम केलं, गार केलं. काही वर्षं हेच चाललं. साहेब म्हणायचे, "यांना झालंय काय?" लंबूटांग ताटातलं निळं पाणी बदलायचा. त्याला मनातून खात्री होती, की बेडकांना तिची आठवण येते. हे कुठे छापता येण्यासारखं नव्हतं, पण रोज सकाळी टाकीत किडे टाकताना तो त्यांच्याशी त्या विषयावर थोडं बोलायचा. ज्याचं त्याला कळतं.

लंबूटांग आपल्या थोरल्या बहिणीबरोबर राहायचा. ताई घराच्या दारात उभी राहिली की घरात संध्याकाळ व्हायची, अशी तिची अंगलट. एक दिवस हा डबा घरी विसरला आणि ताई तो घेऊन संस्थेत आली. अंगावर तिची जाड काळी शाल. चालून दम लागलेला.

"बसू का रे कुठे?"

"बस की. पण मध्ये येऊ नकोस, काम चाललंय."

"काम कसलं, बेडकाला टिचक्या मारतोयस. लहानपणी मारायचास तेव्हा बाबा रागावायचे. आता पगार देतात."

ताई जाळी बाजूला सारून पलीकडच्या स्टुलावर टेकली. लंबूटांगानं रेघेवर पैलवान नावाचा एक आडदांड नर ठेवला होता, जो महिनाभर जागचा हलला नव्हता. टिचकी दिली. पैलवानानं डोळे वर केले, मांड्या आवळल्या आणि जो उडाला तो हवेत अंमळ विचार करून ताईच्या मांडीवरच उतरला.

"अरे मेल्या," ताई म्हणाली. तिनं त्याला शालीनं झाकलं आणि भावाकडे पाहिलं. "आणखी कितीजण असे अंगावर येणार आहेत? डबा देऊन जाते मी."

"हलू नकोस, ताई."

"का? चावतो?"

"बस. हात जोडतो, बसून राहा."

तिला त्यानं चहा पाजला, डब्यातली भाजी तिलाच खायला घातली, आणि दिवसभर बसवून ठेवलं. नर उडाले. मग त्यानं माद्या काढल्या. त्याही उडाल्या, तशाच, अगदी नरांच्या तोडीस तोड. लंबूटांगाचा चेहरा पांढरा पडत गेला. शेवटी तो रेघेवर पालथा पडला आणि हनुवटी कागदाला टेकवून, बेडकाच्या उंचीवरून पलीकडे बघू लागला.

"तुला बरं वाटतंय ना?" ताईनं विचारलं.

तिथून ताई दिसत नव्हती. दिसत होता एक काळा, रुंद, मऊ ढिगारा. तळ्याच्या काठाला असतं तसलं दाट झुडूप, ज्याच्या बुडाशी गारवा आणि अंधार असतो, आणि ज्याच्यात घुसलं की आपल्याला कुणी खात नाही.

"आता ऊठ आणि माझा कोट त्या काठीला अडकव," तो पडल्या पडल्याच म्हणाला.

ताईनं कोट अडकवला. लंबूटांगानं पुन्हा हनुवटी टेकवली. समोर पांढरं, उंच, बारीक, वर किंचित वाकलेलं काहीतरी उभं होतं. कुठल्याही बेडकाला ते दिसलं असतं तर त्यानं जे ओळखलं असतं, तेच त्यानं ओळखलं.

"बगळा," तो म्हणाला.

"कुठे?" ताईनं खिडकीकडे पाहिलं.

तो उठून बसला. हनुवटी निळी झाली होती. नरांच्या वेळी पलीकडे झुडूप होतं म्हणून नर जीव खाऊन उडाले. माद्यांच्या वेळी पलीकडे बगळा होता. बगळ्याच्या चोचीत कोण लांब उडी मारून जाईल? म्हणजे नराची उडी लांब नव्हतीच. एका माणसाला मादी कमरेला धरून उचलायची लाज वाटली होती, तेवढंच शास्त्र त्यात होतं.

त्या संध्याकाळी ताई मटार सोलत होती आणि लंबूटांग सोललेले मटार परत सालांत घालत होता.

"सांग तिला," ताई म्हणाली.

"कसं सांगू? तिची तिथली खुर्ची त्या निष्कर्षावर उभी आहे. मी फोन करायचा आणि म्हणायचं, बाई, खुर्ची काढा?"

"मग नको सांगू."

"न सांगूनही चालणार नाही. चूक आहे ती. लोक ते वाचतात."

"मग सांग."

ताईनं त्याच्या पुढ्यातलं ताट ओढून घेतलं. "खरं बोलू? इतकी वर्षं तू तिला फोन करायला कारण शोधतोयस. मोसम बदलला म्हणून करू का, पंप बिघडला म्हणून करू का. आता देवानं कारण दिलंय तर ते असं दिलंय. तुझं नशीब म्हणजे दात आहेत तर चणे नाहीत."

त्यानं फोन केला.

"हॅलो. मी. संस्थेतून."

"लंबूटांग," ती पलीकडून म्हणाली. "अहो, किती वर्षांनी. काय विशेष?"

"एक चूक सापडलीय."

"कुणाची?"

"आपली."

हा शब्द म्हणताना त्याला, ऐन संकटातही, बरं वाटलं. मग त्यानं सगळं सांगितलं. ताईची शाल, झुडूप, बगळा, निळी हनुवटी.

"म्हणजे बायकांचं मी आणि बुवांचं तुम्ही," ती म्हणाली. "तिथेच घोळ झाला."

"लाज मला वाटली होती. तुमचा काही दोष नाही."

"वाटणी माझी होती." "गुरुवारी येते. माझ्या डोळ्यांनी बघते आणि मग काय ते ठरवते."

गुरुवारपर्यंत लंबूटांगानं टाक्या घासल्या, खिडक्या घासल्या, स्टूल तर असं घासलं की त्याचा एक पाय आखूड झाला आणि मग दुसरे तीन त्याच्या मापाला आणावे लागले. केस कापून आला. ताई म्हणाली, "कान बाहेर आलेत. झाकता येतील का बघ."

गुरुवारी दार उघडलं. आत एक बारीकशी बाई आली, पांढऱ्या कोटातली, गालफडं बसलेली. लंबूटांगानं तिला नमस्कार केला आणि तिच्या मागे दारात कोण आहे ते बघू लागला.

"मागे कुणी नाही," बाई म्हणाली. "मीच आहे. बाकीची संपली."

आवाज तोच होता. लंबूटांग तिच्याकडे बघत राहिला. निम्मी बाई कुठे गेली, हे विचारायची ती रीत नव्हे, आणि त्याला तर रीत नसलेलं काहीच यायचं नाही. पण हसल्यावर डोळ्यांच्या कडेला पडायची ती घडी तशीच होती, आणि त्याला आत कुठेतरी इतकं लांबवर काहीतरी उडाल्यासारखं झालं, की कागद पुरला नसता.

ताई तिघांचा डबा घेऊन आलेली होतीच. ती काही रीतीभातीची नव्हती. "अगं, एवढी कशानं वाळलीस? आजारी होतीस?"

"नाही हो ताई. एकटीसाठी रांधायचा कंटाळा येतो. उभ्या उभ्या काहीतरी खाते आणि झोपते." असं म्हणून ठुसकीनं बाह्या सारल्या आणि म्हणाली, "चला. आधी जसं केलं होतं तसंच करू. बुवा आणा."

ती स्टुलावर बसली. आता स्टूल दिसत होतं. लंबूटांगानं रेघेवर पैलवान ठेवला. त्याच्या मनात होतं, की बेडूक जुने नसले तरी काय झालं, तिचा आवाज, तिचं बसणं, फडकं धरायची ती पद्धत. काहीतरी ते ओळखतीलच. त्यानं टिचकी दिली.

पैलवान दोन इंच सरकला आणि भिंतीकडे वळला.

"नीट द्या टिचकी."

त्यानं दुसरा ठेवला. तिसरा. मग माद्या. एकेक जण तिच्याकडे बघायचा, पांढरा कोट, बारीक मान, आणि बूड जमिनीला घट्ट दाबून बसायचा.

ठुसकीनं फडकं मांडीवर ठेवलं. "झालं," ती म्हणाली. "मीही बगळी झाले."

मग ती उठली आणि एकदम कामाला लागली. कोपऱ्यातला पाण्याचा रिकामा ड्रम तिनं ढकलत आणला, स्टुलाच्या जागी ठेवला आणि ताईची काळी शाल त्याच्यावर पसरली. "आता आणा."

पैलवान उडाला तो थेट ड्रमच्या बुडाशी. त्याच्यामागून बाकीचे. नर आले, माद्या आल्या, मावशीची एक नात आली ती ड्रमवरून पलीकडे गेली आणि ताईच्या डब्यात सापडली. दुपारपर्यंत सगळा कागद निळा झाला. पट्ट्या लावून पाहिलं तर अंड्यांनी जड झालेल्या तेवढ्या थोड्या मागे होत्या. एरवी ज्याच्या तंगड्या अंगाच्या मानानं लांब त्याची उडी लांब. बाई आहे की बुवा, हे बेडकाला विचारायची गरजच पडत नव्हती.

"सुंदर चूक आहे," ठुसकी म्हणाली. ती फरशीवर मांडी घालून बसली होती आणि बोटं निळी झाली होती. "मोठ्या साहेबांना मी सांगते. छापलेलं ते आपणच छापून मागे घ्यायचं. दोघांच्या नावानं."

"आणि तुमची तिथली खुर्ची?"

"राहील. जरा लंगडेल." ती ड्रमकडे बघत होती. "गंमत आहे, नाही? मला वाटायचं, माझ्याकडे बघून उडतात. माझा नुसता घेर हवा होता त्यांना. ड्रमनं भागलं."

इथे बोलायचं होतं. लंबूटांगालाही कळलं, की इथेच बोलायचं आहे. वाक्य पोटातून निघालं, गळ्यातून वर आलं, जिभेच्या टोकावर येऊन बसलं, त्यानं मांड्याही आवळल्या. आणि ते तिथेच बसून राहिलं.

"ड्रम चांगला आहे," तो म्हणाला. "गळत नाही."

ठुसकीनं त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग हात धुवायला गेली. साहेबांकडे जाऊन आली, कोट घडी करून पिशवीत ठेवला. दाराशी थांबून म्हणाली, "मला बोलावलंत ते एवढ्यासाठीच ना? आणखी काही नव्हतं?"

"नाही. एवढंच."

"बरं." ती म्हणाली आणि दुपारच्या गाडीनं गेली.

त्यानंतर संस्थेत सगळं मार्गी लागलं. साहेब खूष, बेडूक खूष. पुरुषांच्या छात्या जागच्या जागी गेल्या, आणि हिशेबनिसाच्या बायकोला ही बातमी कुणी पोचवली कोण जाणे, त्याला पुन्हा माळ्यापर्यंत उडी मारावी लागली, या खेपेला पातेलं ठेवायला. लंबूटांग तेवढा कोमेजला. रेघेपाशी बसून मान वर करायचा, तर समोर ड्रम. ड्रम कधी "आला हो पाहुणा" म्हणाला नाही. पूर्वी निदान एक समजूत होती, की या खोलीत आपल्यासारखेच आणखी काहीजण आहेत ज्यांना ती हवी आहे. आता कळलं, की तेवढे दिवस तो एकटाच होता. बेडकांना कुणीही चालत होतं.

जेवायला बसल्यावर तो भाताचे ढिगारे करून मोडत बसायचा. एकदा ताईनं वाढायची पळीच खाली ठेवली.

"एकटीसाठी रांधायचा कंटाळा येतो, हे ती कुणाला सांगत होती?"

"तुला. तूच विचारलंस ना."

"विचारलं मी. बोलताना बघत कुणाकडे होती?"

"मी तेव्हा पट्टी शोधत होतो."

"शोध. पट्टीच शोध तू. आणि जाताना दारात उभी राहून काय विचारलं तिनं, ते तूच सांगितलंस मला. आणखी काही नव्हतं का? माणूस असं दारात उभं राहून कधी विचारतं रे? त्याला आणखी काही हवं असतं तेव्हा."

लंबूटांगानं भात मोडला. "मी समोर असलो की, ताई, लोक आखडतात. ते आता मोजूनच सिद्ध झालंय."

"बेडूक आखडतात. ती बेडूक आहे का?"

त्यानं भाताचा नवा ढिगारा केला. मग म्हणाला, "पण आता कारण काय सांगू? चूक दुरुस्त झाली. ड्रम आहे. पंप चालतोय. काहीसुद्धा बिघडलेलं नाही."

"मग तसं सांग."

त्यानं डोळे मिटले, जिना चढताना म्हणायचं ते जुनं वाक्य आठवून पाहिलं, ते आठवेना. हात तसाच उष्टा होता, म्हणून डाव्या हातानं फोन लावला.

"हॅलो," पलीकडून ठुसकी म्हणाली. "काय हो, आणखी एक चूक?"

"नाही."

"पंप?"

"चालतोय."

"मग?"

"काही नाही," लंबूटांग म्हणाला. "काही कारण नाही. फोन केला."

पलीकडे काहीतरी भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. ताई उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिथे रिकामाच नळ सोडून उभी राहिली.

"लंबूटांग," ती म्हणाली, "मी तिथे स्टुलावर बसायचे ना, तेव्हा समोर तुम्ही उकिडवे बसलेले असायचात. मला कधी बगळा वाटला नाहीत."

"काय वाटायचो?"

"ते फोनवर नाही सांगता यायचं." मग तिचा आवाज जरा बदलला. "आज कुकर लावलाय. किती दिवसांनी लावलाय. शिट्टी झाली की मला उठावं लागेल. तोवर बोला."

"काय बोलू?"

"काहीही. मावशीची ती नात कशी आहे?"

लंबूटांग सांगू लागला. नात बरी आहे, काल पुन्हा ड्रमवरून गेली, आता तिला डब्याची सवयच लागली आहे. सांगताना त्याचा निम्मा कान पलीकडच्या स्वयंपाकघरात होता, जिथे तो कधी गेला नव्हता, जिथे एका माणसापुरता तांदूळ शिजत होता. उभ्या आयुष्यात त्यानं प्रत्येक गोष्टीची लांबी मोजली होती. आज मात्र पट्टी लावायची त्याला इच्छा नव्हती. तिकडचा गॅस मंद असावा, एवढंच तो मागत होता.